आधी कुणाला सांगायचं?

चर्नी रोड स्टेशनजवळ, नेताजी सुभाष मार्गावर शासकीय मुद्रणालय आहे. महाराष्ट्रात कागदोपत्री नाव बदललं की त्याची सूचना राजपत्राच्या भाग दोनमध्ये छापून येते. जुनं नाव आणि नवं नाव एकाच नोंदीत. लग्नानंतर नाव बदललेल्या बायका, स्पेलिंगमध्ये एक अक्षर वाढवणारे पुरुष आणि त्यांच्याच रांगेत आपल्या खऱ्या लिंगभावानुसार कागद बदलून घेणारी माणसं. राजपत्र सर्वांना खुलं असतं, पण ते वाचून कुणी कुणाच्या दारात भांडायला आल्याचं ऐकिवात नाही. तीच दोन नावं इन्स्टाग्रामवर एका फोटोखाली आली, तर नोकरी, भाड्याची खोली, धाकट्या बहिणीचं जमत आलेलं लग्न, सगळं एका दुपारीत डळमळू शकतं.

खालचा संवाद कुणा एका घरातला नाही. या विषयावर लालबाग, परळ, दादर भागात जी दोन मतं निरनिराळ्या तोंडून निघतात, ती मी एका मावशीच्या आणि तिच्या भाच्याच्या तोंडी घातली आहेत. मावशी परिचारिका होती, आता निवृत्त. भाचा सव्वीस वर्षांचा. मुलगी म्हणून वाढवला गेला, दीड वर्षापासून डॉक्टरांच्या देखरेखीखाली टेस्टोस्टेरॉन घेतो आहे. तो पुरुष आहे याबद्दल दोघांत वाद नाही. वाद आहे तो हे सगळ्यांना सांगण्यासाठी त्याने लिहून ठेवलेल्या पोस्टबद्दल.

मावशी : वाचलं मी. चांगलं लिहिलंयस. पण टाकू नकोस.

भाचा : का?

मावशी : सांगण्याला क्रम असतो रे. तू आधी आईला सांगितलंस, मग मला, मग ऑफिसातल्या त्या मैत्रिणीला. आई रडली, आठ दिवस बोलली नाही, मग तिनेच तुझ्यासाठी शर्ट आणला. ते आठ दिवस तिला लागणारच होते. पोस्ट कुणाला आठ दिवस देत नाही. देवगडचा मामा, तुझ्या शाळेतल्या बाई, तुझा साहेब, खालच्या मजल्यावरचे काका, सगळ्यांना एकाच मिनिटात कळणार. त्यातल्या निम्म्यांना राग येईल तो तू मुलगा असल्याचा नाही, दुसऱ्याच्या फोनवर कळल्याचा.

भाचा : तो क्रम माझ्या हातात राहिलाय कुठे? चिवडा गल्लीत फोनवरून पैसे दिले की दुकानदाराच्या स्क्रीनवर बँकेतलं जुनं नाव येतं. मग तो विचारतो, बहिणीचं खातं का? ट्रूकॉलर लोकांच्या फोनबुकातून नावं उचलतो, त्यामुळे अनोळखी माणसाला फोन केला तरी त्याला जुनं नाव दिसतं. फेसबुक तर दर वर्षी कुणाला ना कुणाला आठवण करून देतं, की इतक्या वर्षांपूर्वी आजच्या दिवशी, आणि खाली मी, नऊवारी नेसून गिरगावच्या पाडव्याच्या शोभायात्रेत. तो फोटो माझ्या खात्यावर नाहीच, दुसऱ्याच्या खात्यावर आहे. मी इन्स्टाचं नाव बदललं तरी तिथे माझं जुनं नाव लिहिलेल्या कमेंट तशाच. मी गप्प बसलो म्हणजे कुणाला कळत नाही असं नाही, मावशी. मला न विचारता, चुकीच्या नावाने, रोज कळतंच आहे. पोस्ट टाकली तर निदान एकदा तरी सांगणारा मी असेन.

मावशी : एकदाच. दुसऱ्या दिवसापासून सांगणारे दुसरे. अनाया बांगरचं काय झालं? माजी क्रिकेटपटू संजय बांगरची मुलगी. मरीन लाइन्सच्या इस्लाम जिमखान्याकडून क्रिकेट खेळलेली पोर. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिने आपल्या हार्मोन उपचारांचा व्हिडिओ टाकला आणि नंतर काढून टाकला. तिने काढला, पण तोवर तो सगळ्यांनी उचलला होता. देशभरच्या बातम्यांत तेच आधीचे नि नंतरचे फोटो. काढून टाकायचं बटण तुझ्या हाताखाली असतं, गेलेली गोष्ट परत आणायचं नसतं.

भाचा : तिचं पुढचंही सांग ना. ती लपून बसली नाही. २०२५ मध्ये तिने मुलाखती दिल्या, क्रिकेटमध्ये कसा त्रास झाला ते बोलली. पुरुषी वयात येणं पार केलेल्या ट्रान्स बायकांना महिलांच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांत खेळता येणार नाही, हा नियम आयसीसीने नोव्हेंबर २०२३ मध्ये केला. तो कुणावर लागतो, त्या माणसाचा चेहरा कसा आहे, हे महाराष्ट्रातल्या लोकांना तिच्यामुळे कळलं. ती बोललीच नसती तर आपल्या घरात या नियमावर जेवताना वाद झाला असता का?

मावशी : झाला नसता. पण तिच्या घराला नाव आहे. सायशा शिंदेने जानेवारी २०२१ मध्ये इन्स्टाग्रामवरच सांगितलं, ती फॅशन डिझायनर म्हणून तोवर नावारूपाला आलेली होती. त्याच वर्षाच्या अखेरीला हरनाझ संधू मिस युनिव्हर्स झाली, ती तिने शिवलेल्या गाऊनमध्ये. त्यांचं काम कुणी काढून घेऊ शकत नव्हतं. तुझं काम तुझ्या साहेबाच्या मर्जीवर आहे.

भाचा : म्हणजे धीर फक्त नाव असलेल्यांनी करायचा?

मावशी : धीर नाही म्हणत मी. उघड्यावर उभं राहायला पाठीशी भिंत लागते, एवढंच म्हणते.

इथे दोघांना थांबवून मला माझं म्हणणं सांगायचं आहे. वर ज्या दोघींची नावं आली, त्यांची पूर्वीची नावं मी लिहिलेली नाहीत. ती सहज सापडतात, कारण आपल्या वर्तमानपत्रांनी आणि वाहिन्यांनी ती प्रत्येक मथळ्यात छापली. बीड जिल्ह्यातल्या माजलगावचे पोलीस शिपाई ललित साळवे यांनी २०१७ मध्ये लिंगबदल शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं, तिथून प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे पाठवलं गेलं, शेवटी गृहखात्याची परवानगी मिळाली आणि मे २०१८ मध्ये इथे मुंबईत, सेंट जॉर्ज रुग्णालयात पहिली शस्त्रक्रिया झाली. त्यांची वैद्यकीय परिस्थिती भाच्यापेक्षा वेगळी होती. पण शिस्तीच्या नोकरीत राहून, नियमाने अर्ज करून एका माणसाने स्वतःचं आयुष्य मिळवलं, ही महाराष्ट्राने अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे. पुढे त्यांच्या लग्नाची बातमी आली, मुलाच्या जन्माची आली, आणि त्या आनंदाच्या बातम्यांतही जुनं नाव आणि जुना फोटो ओढून आणला गेला. वाचकाला संदर्भ लागतो, असं पत्रकार म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. ज्याने नाव टाकून दिलं, त्याला त्याच नावाने पुन्हा पुन्हा हाक मारण्यात संदर्भ नाही, दांडगाई आहे. सांगायचं की नाही हा वाद मावशी-भाच्यांनी खुशाल घालावा. बाकी आपण सगळे, नातेवाईक, शेजारी, बातमीदार, ग्रुपवर पुढे ढकलणारे, आपलं काम एकच आहे. दुसऱ्याची गोष्ट त्याच्या आधी सांगायची नाही.

मावशी : आणि दुसरी गोष्ट. तुम्ही पोरं एकमेकांचे रील बघून औषधं घेता, त्याने माझा जीव घाबरतो. रीलमध्ये पहिला महिना, तिसरा महिना, दहावा महिना, दाढी वाढली, आवाज उतरला, गाणं लावलं, झालं. त्या पोराचं रक्त किती घट्ट झालंय ते दिसतं का त्यात? टेस्टोस्टेरॉनने हिमॅटोक्रिट वाढतं, पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी रक्त तपासायला लागतं. फुटलेला आवाज नंतर औषध थांबवलं म्हणून पूर्ववत होत नाही. हे कोण सांगतं? जिममधल्या ओळखीने इंजेक्शन आणून स्वतःच टोचणारे आहेत. तिकडे ट्रान्स पोरी गर्भनिरोधक गोळ्यांची पाकिटं मनाने खातात. तुझ्यासारखे पोरगे छाती दिसू नये म्हणून क्रेप बँडेज आवळून बांधतात, त्याने बरगड्यांना इजा होते, श्वास पुरत नाही.

भाचा : बँडेज बांधू नकोस हे मला कुणी सांगितलं, माहितीये? एका व्हिडिओने. मी अकरावीत असताना बांधत होतो, घरात, उन्हाळ्यात. तू परिचारिका, आई शिक्षिका, कुणाच्या लक्षात आलं नाही. यूट्यूबवर एक ट्रान्स पुरुष सांगत होता, बँडेज नाही, आठ तासांहून जास्त नाही, झोपताना तर अजिबात नाही. एंडोक्रायनॉलॉजिस्ट नावाचा डॉक्टर असतो हे मला तिथेच कळलं. आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटायचं, हेही. फोर्टात जुन्या कस्टम हाऊसला आपलं जिल्हाधिकारी कार्यालय आहे, ट्रान्स व्यक्तींसाठीच्या २०१९च्या कायद्याप्रमाणे ओळखपत्र तिथून मिळतं, त्याचा अर्ज घरबसल्या पोर्टलवर करता येतो, हे एका मुलाने स्क्रीन दाखवत समजावलं. जी. टी. रुग्णालयात फेब्रुवारी २०२३ मध्ये आमच्यासाठी ३० खाटांचा वेगळा कक्ष उघडला, तेही पोस्टवरच वाचलं. लालबागमध्ये बसून हे मी कुणाला विचारणार होतो? मंडळाच्या कार्यकर्त्यांना?

मावशी : मला विचारायचं होतंस.

भाचा : अकरावीतल्या मला तू चांगली वाटायचीस, पण तू कोणत्या बाजूची आहेस ते माहीत नव्हतं. फोनवरचा तो माणूस आमच्या बाजूचा आहे, हे पहिल्या मिनिटात दिसत होतं. म्हणून मला पोस्ट टाकायचीये. परळमधला कुणी अकरावीतला मुलगा आज शोधत असेल, तर त्याला मराठीत काहीतरी सापडू दे. मी स्वतः दीड वर्ष इंग्रजीत लिहिलं, कारण मराठीत जातो की जाते हे पहिल्याच वाक्यात ठरवावं लागतं. दिशा पिंकी शेख फेसबुकवर मराठीत लिहीत आल्या, त्यांचा 'कुरूप' हा कवितासंग्रह आला. ट्रान्स बायकांसाठी निदान तो आवाज आहे. ट्रान्स पुरुषाने मराठीत स्वतःबद्दल लिहिलेलं मला शोधून शोधून कितीसं मिळालं?

मावशी : पैशासाठी टाकतात त्यांचं काय? ऑपरेशनला मदत करा म्हणून पोटाखालच्या गोष्टी जगापुढे मांडाव्या लागतात. मला ते बघवत नाही.

भाचा : मलाही नाही. पण ज्याच्याकडे पैसे आहेत तोच खासगी राहू शकतो, हे त्यातून दिसतं. २०२२ मध्ये केंद्राने करार केला, आयुष्मान योजनेखाली ट्रान्स व्यक्तीला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार, त्यात शस्त्रक्रियाही. त्यासाठी ओळखपत्र लागतं, आणि त्या यादीतलं आणि हे ऑपरेशन करणारं रुग्णालय शोधावं लागतं. तोवर माणूस मिलाप किंवा केट्टोसारख्या मदत गोळा करायच्या साइटवर आपला फोटो टाकतो. त्याला हौस नसते.

मावशी : उज्जैनचं लेकरू आठवतं तुला? नोव्हेंबर २०२३. सोळा वर्षांचं, मेकअपची कला आपली आपण शिकलेलं. दिवाळीत साडी नेसून रील टाकलं, त्यावर हजारोंनी घाण ओतली. थोड्याच दिवसांत ते लेकरू गेलं. मी ती बातमी वाचून रात्रभर जागी होते. तेव्हा तू मला अजून सांगितलं नव्हतंस, पण मला अंदाज होता. मी तुझ्या खोलीत दोनदा डोकावून गेले.

भाचा : मला माहीत होतं तू डोकावलीस ते.

मावशी : कंपन्यांना काही पडलेली नाही. ट्विटरने एप्रिल २०२३ मध्ये, जुन्या नावाने मुद्दाम हिणवण्यावरची बंदी नियमांतून गुपचूप काढली. जानेवारी २०२५ मध्ये मेटाने आपले नियम सैल केले. आता तिथे तुम्हाला मानसिक रोगी म्हटलं तरी चालतं. आपल्याकडे २०२१च्या नियमांनी नागडे किंवा बनावट फोटो तक्रारीनंतर २४ तासांत काढायला लावले, पण साध्या शिवीगाळीला कुणाची घाई नसते. २०१९च्या कायद्यात शाब्दिक छळालाही सहा महिने ते दोन वर्षं शिक्षा ठेवली. पण कमेंट करणारा कुठल्या गावचा, त्याला शोधून पोलीस ठाण्यात आणणार कोण? तू?

भाचा : नाही आणणार. पण मावशी, तू फोनला दोष देतेस तेव्हा चाळ विसरतेस. चाळीत सगळ्यांना सगळं कळायचं, आणि दोन दिवसांत विसरायचे, असं तू नेहमी म्हणतेस. ज्याच्याबद्दल कळायचं, त्याचं काय व्हायचं?

मावशी यावर लगेच बोलत नाही. मग सांगते. गिरणी संपाच्या काळात, म्हणजे १९८२-८३च्या सुमाराला, तिच्या मजल्यावर एक मुलगा होता. वडील साच्यावर, संपात घरी बसलेले. मुलगा पाण्याच्या रांगेत बायकांबरोबर उभा राहायचा, त्यांच्यासारखं बोलायचा, मंगळागौरीत कोपऱ्यात बसून सगळी गाणी म्हणायचा. बायकांना तो आवडायचा. पुरुषांनी एक दिवस जिन्यात मारलं. त्यानंतर तो दिसेनासा झाला. कुणी भायखळ्याला पाहिलं म्हणालं, कुणी कामाठीपुऱ्यात, साडीत. घरच्यांनी नाव काढणं सोडलं आणि मजल्यानेही सोडलं. वर्षभराने त्या घरात कोणी विचारलं तर मुलं दोनच असं उत्तर मिळायचं. आई मात्र दर गौरीला एक जास्तीची ओटी भरून ठेवायची आणि विसर्जनानंतर ती कुणा तरी अनोळखी बाईला देऊन यायची, हे मावशीने पाहिलं आहे.

भाचा : त्या मुलीबद्दल कुठेच काही लिहिलेलं नाही.

मावशी : नाही.

भाचा : आजच्या काळात तिने निदान कुठून तरी आईला एक फोटो पाठवला असता.

मावशी : आणि वडिलांना तो मिळाला असता तर ते तिथे पोचले असते. फोनला पत्ताही कळतो, राजा. मी दोन्ही बाजू बघते, कारण वॉर्डात मी दोन्ही बघितल्या. घरच्यांनी टाकलेले आणि घरच्यांनी शोधून आणून मारलेले.

या आठवणीवर मला कोणाची सरशी ठरवता येत नाही, ठरवायचीही नाही. पण एक फरक मला महत्त्वाचा वाटतो. २००८च्या ऑगस्टमध्ये ऑगस्ट क्रांती मैदानातून गिरगाव चौपाटीकडे मुंबईतला क्वीअर आझादी मोर्चा पहिल्यांदा निघाला, तेव्हा समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारा ३७७ कलमाचा भाग रद्द व्हायला दहा वर्षं होती. त्यात अनेकजण मुखवटे घालून चालले. मुखवटा घातलेला माणूस मोर्चात होता, घोषणा देत होता, आणि आपलं नाव कुणाला सांगायचं ते त्याच्याच हाती होतं. भित्रेपणा म्हणून त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही. उघडं असणं आणि लपणं यांच्या मधली ती जागा होती. आज रस्त्याच्या दोन्ही बाजूंना प्रत्येक हातात कॅमेरा आहे, आणि ती मधली जागा ज्याची त्याला खटपट करून तयार करावी लागते. निवडक मित्रांची यादी, दुसरं खातं, टॅग करण्याआधी आपली परवानगी लागेल अशी सेटिंग, जुन्या मित्रांना एकेकट्याला फोन करून फोटो काढून टाकायची विनंती. कंटाळवाणं, किचकट काम आहे. पण १५ एप्रिल २०१४ला सर्वोच्च न्यायालयाने आपला लिंगभाव आपण ठरवायचा हा हक्क मान्य केला, तो हक्क रोजच्या जगण्यात असाच, एकेक टॅग काढून, वापरावा लागतो. शक्य आहे तिथे हे काम त्या एकट्यावर टाकू नये, असं मला फार तळमळीने वाटतं.

मावशी : बरं, टाकायचंच असेल तर लगेच नको. गणपतीत तर नकोच. घर पाहुण्यांनी भरलेलं असतं, कोण काय बोलेल सांगता येत नाही.

भाचा : गणपतीनंतर. आधी बँकेतलं नाव बदलून येऊ दे.

मावशी : मामाला मी सांगते. पोस्टच्या आधी, फोनवर. त्याला काय विचारायचं असेल ते मला विचारेल, तुला नाही.

भाचा : चालेल. पण आजारी आहे, उपचार चालू आहेत, असं सांगायचं नाही.

मावशी : तसं कशाला सांगेन? मुलगा आहे म्हणून सांगेन. साहेबाचं काय?

भाचा : त्याला मी आदल्या दिवशी भेटून सांगणार. लेखी काही देणार नाही.

मावशी : आणि कमेंट बंद ठेव.

भाचा : बंद नाही ठेवणार. ज्या मुलासाठी लिहितोय, तो विचारणार कुठे? मेसेज पाठवायला तो घाबरेल, मीही घाबरायचो. कमेंटमध्ये दुसऱ्या कुणाचं उत्तर वाचूनही त्याला कळेल.

मावशी : मग पहिले चार दिवस तू वाचायच्या नाहीत. फोन माझ्याकडे द्यायचा. मी बसते, घाण असेल ती काढते, खरा प्रश्न असेल तो कागदावर लिहून ठेवते. वॉर्डात चाळीस वर्षं शिव्या ऐकल्या, मला त्याचं काही वाटत नाही.

भाचा : तुला वाटेल, मावशी. त्या माझ्याबद्दल असतील.

मावशी : वाटेल. तरी मी वाचेन. ब्लॉक कसं करायचं ते दाखव आत्ता. आणि तो नऊवारीतला जुना फोटो पोस्टमध्ये टाकू नकोस, हे माझं अजूनही म्हणणं आहे.

भाचा : तो फोटो राहणार. त्यात आजी आहे.